पगार हवा? मग आधी नकार मिळवा

मोठ्या विद्यापीठात शिकलं की मोठा पगार मिळतो, असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा. डोळे उघडे ठेवून हा विश्वास टिकत नाही, एवढीच काय ती अडचण. बाकी आकडे चोख आहेत. नामांकित विद्यापीठांतून बाहेर पडलेले पदवीधर सरासरीने जास्त कमावतात, यात वादच नाही. तेव्हा प्रश्न फक्त तयारीचा उरतो.

तयारीची सुरुवात आईवडिलांच्या निवडीपासून करा. हे काम जन्माआधीच उरकलेलं बरं, नंतर फार धावपळ होते. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञांनी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्ड, येल, स्टॅनफर्ड वगैरे बारा बड्या संस्थांचे प्रवेश तपासले. प्रवेश परीक्षेत सारखेच गुण असलेल्या मुलांमध्ये, सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांना तिथे जागा मिळण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त निघाली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंसाठी राखलेल्या जागा, अभ्यासाबाहेरच्या पराक्रमांची फाइल, अशी त्यामागची कारणं. म्हणजे गुणवत्तेला तिथे मान आहेच. फक्त ती चांगल्या घरातली असावी लागते.

आईवडील चुकले असतील तरी धीर सोडू नका. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या संशोधकांनी तुमच्यासाठी स्वस्तातला मार्ग शोधून ठेवला आहे. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांची पुढची कमाई त्यांनी पाहिली आणि निष्कर्ष २००२ मध्ये छापले. एरवी सगळे तुलना करतात ती नामांकित ठिकाणी शिकलेले आणि न शिकलेले अशी. या दोघांनी जरा आगाऊपणा केला. विद्यार्थ्यांनी कुठे कुठे अर्ज केले होते आणि कुठे प्रवेश मिळाला होता, हेही त्यांनी हिशेबात धरलं. झालं! नावाचा पगारावरचा परिणाम बहुतेकांच्या बाबतीत जवळजवळ नाहीसा झाला. दोन्हीकडे प्रवेश मिळूनही जो कमी नावाच्या कॉलेजात गेला, तो पुढे साधारण तेवढंच कमावत होता. पुढच्या कामात तर आणखी गंमत निघाली. विद्यार्थी कोणत्या कॉलेजात शिकला यापेक्षा त्याने अर्ज कुठवर केला होता यावरून कमाईचा अंदाज जास्त चांगला बांधता येत होता, मग तिथून नकार का आलेला असेना.

याचा अर्थ ध्यानात घ्या. पगाराचं रहस्य प्रवेशात नाही, अर्जात आहे! तेव्हा उत्तमोत्तम विद्यापीठांना अर्ज करा, नकाराची पत्रं जमवा आणि घरी बसल्या श्रीमंत व्हा. कोणी म्हणेल, ज्याच्यात अर्ज करण्याची धमक आणि बुद्धी होती तोच पुढे कमावणार होता, पत्राचा काय संबंध? अशा माणसाच्या नादी लागू नका, त्याला माहितीपत्रक वाचायची सवय नसते. स्टीव्हन स्पीलबर्गला एका बड्या विद्यापीठाच्या चित्रपट विभागाने प्रवेश नाकारला होता. तो कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या सरकारी विद्यापीठात गेला, तेही अर्धवट सोडलं आणि पदवी पूर्ण केली ती २००२ साली. तोवर त्याचं घर कसं चाललं असेल, याची काळजी विद्यापीठांनाच ठाऊक. नाकारणाऱ्या विद्यापीठाने पुढे त्याला विश्वस्त केलं. नकाराचा परतावा याहून चांगला कुठे मिळतो?

एक सावधगिरी मात्र बाळगा. डेल-क्रूगर यांच्या हिशेबात काही विद्यार्थ्यांना नामांकित कॉलेजाचा खरोखर फायदा झालेला दिसला: कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाचे, आणि ज्यांचे आईवडील फारसं शिकलेले नव्हते असे. ज्यांच्या घरात ओळखीपाळखी नाहीत, त्यांना तिथे त्या मिळतात. थोडक्यात, नावाचा सर्वाधिक उपयोग ज्यांना होतो, त्यांनाच तिथली दारं सर्वांत जड लागतात. ही व्यवस्था कोणी मुद्दाम आखली असती, तर इतकी नेटकी जमली नसती.

आता विद्यापीठ निवडायचं कसं? क्रमवारी पाहा. क्यूएस या प्रसिद्ध जागतिक क्रमवारीत अनेक वर्षं ४० टक्के गुण प्राध्यापकांच्या मतांवरून दिले जात. आता ते ३० टक्क्यांवर आले आहेत. नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आणखी १५ टक्के. म्हणजे कोणतं विद्यापीठ नामवंत, असं लोकांना विचारायचं, ते नामवंतांची नावं सांगतात, आणि त्यावरून ती नामवंत ठरतात. यात चूक होण्याची सोयच ठेवलेली नाही. अमेरिकेतल्या एका क्रमवारीत २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने दिलेली माहिती सदोष निघाली आणि ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर उतरलं. त्या उन्हाळ्यात तिथलं शिक्षण एकदम सोळा पायऱ्या खाली घसरलं असेल, तर विद्यार्थ्यांच्या ते लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

माहितीपत्रकातला सरासरी पगार वाचताना मधला पगार, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, किती, हे विचारू नका. ते असभ्य दिसतं. एका पदवीधराने कंपनी विकून अमाप पैसा केला की अख्ख्या वर्गाची सरासरी उंचावते, वर्गातल्या इतरांना त्यातलं काही मिळो न मिळो. ज्यांना नोकरी लागली नाही ते सर्वेक्षणाचा फॉर्म भरत नाहीत, तेव्हा त्यांचंही ओझं सरासरीवर पडत नाही. आणि वैद्यक किंवा अर्थशास्त्र शिकणारा आणि चित्रकला शिकणारा यांच्या पगारातली दरी बहुधा विद्यापीठाच्या नावाने बुजत नाही, हे तर अजिबात बोलू नका. पाहुणे विषय विचारत नाहीत, विद्यापीठ विचारतात.

एवढं करूनही नाव मिळालंच, तर त्याचा उपयोग कुठे होतो तेही जाणून घ्या. चेट्टींच्याच अभ्यासात त्या बारा संस्थांमुळे सरासरी कमाई फारशी वाढलेली दिसली नाही, पण प्रतिष्ठित कंपनीत शिरण्याची शक्यता तिप्पट झाली. ती कशी, हे तुम्हाला आत शिरल्यावर कळेल. उमेदवारांच्या अर्जांचा गठ्ठा तुमच्या टेबलावर येईल, संध्याकाळचे सात वाजलेले असतील, घरून दोनदा फोन येऊन गेलेला असेल. सगळे अर्ज वाचत बसू नका. तुमच्या विद्यापीठाचं नाव असलेले सहा वर काढा, उरलेले ड्रॉवरमध्ये टाका आणि निघा.