शेळ्यांच्या कासदाहासाठी केलेल्या प्रतिपिंड तपासणीविषयी आपल्या अभिप्रायाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण लिहिले आहे, की कास सुजलेल्या शेळीचा अहवाल आम्ही निगेटिव्ह दिला, त्याच कळपातील धडधाकट दिसणारी जुनी शेळी पॉझिटिव्ह दाखवली, आणि पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेत आजारी शेळीच्याच दुधात मायकोप्लाझ्मा अ‍ॅगॅलॅक्टिए हा जंतू सापडला. त्यामुळे तपासणीचे पैसे वाया गेले, असे आपले म्हणणे आहे. ऐन दुधात असलेली शेळी आटली की करडांचेही हाल होतात, त्यामुळे आपला संताप आम्हाला समजतो. तरीही आमचे दोन्ही निकाल बरोबर आहेत आणि दुधाच्या निकालाशी त्यांचा कोणताही विरोध नाही.

आम्ही केलेली रक्ताची एलायझा तपासणी जंतू शोधत नाही, ती प्रतिपिंडे म्हणजे जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली संरक्षक प्रथिने शोधते. प्लेटच्या प्रत्येक खाचेत या जंतूची प्रथिने आधीच बसवलेली असतात. शेळीच्या सिरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात) त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे असली तर ती तेथे चिकटतात व शेवटी खाच पिवळी होते, नसली तर ती जवळजवळ रंगहीन राहते. ही प्रतिपिंडे मोजता येण्याइतकी तयार व्हायला शरीराला वेळ लागतो. नमुन्यासोबतच्या अर्जानुसार आपल्या शेळीचे रक्त कास सुजल्याच्या तिसऱ्या दिवशी काढलेले होते, आणि त्या वेळी दुधातून जंतू भरपूर पडत असले तरी रक्तात प्रतिपिंडे नसणे अगदी शक्य असते. म्हणूनच अहवालाच्या शेऱ्यात दुधाचा नमुना पाठवावा आणि 2 ते 3 आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासावे, असे लिहिले होते.

जुन्या शेळीचा निकाल आपण चूक मानला आहे. आमच्या मते आपल्या कळपासाठी सर्वांत मोलाचा निकाल तोच आहे. प्रतिपिंडे आढळली याचा अर्थ त्या शेळीला हा संसर्ग कधीतरी होऊन गेला, आणि वरून बऱ्या झालेल्या शेळ्याही महिनोन्‌महिने दुधातून जंतू टाकत राहू शकतात. धार काढणाऱ्याच्या हातांवरून तो दुसऱ्या शेळीच्या सडांत जातो आणि दूध पिणाऱ्या करडांनाही लागतो. प्रतिपिंड तपासणीचा खरा उपयोग कळपात हा रोग शिरला आहे का, हे पाहण्यासाठी आहे. एकाच आजारी जनावराचे निदान केवळ तिच्यावर सोडणे योग्य नाही. (चीक प्यायलेल्या लहान करडांत आईची प्रतिपिंडे उतरलेली असतात, म्हणून त्यांचे रक्त आम्ही या तपासणीसाठी सहसा घेत नाही.) इटली, स्पेनसारख्या ज्या देशांत या रोगाची लस वापरली जाते, तेथे तर पॉझिटिव्ह निकाल वाचताना लसीकरणाची नोंदही पाहावी लागते.

पेनिसिलीनची इंजेक्शने देऊनही गुण आला नाही, असेही आपण नमूद केले आहे. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच (पेशीभोवतीचे कडक आवरण) नसते आणि पेनिसिलीन तर तिच्यावरच काम करते, त्यामुळे येथे त्याचा उपयोग होत नाही. औषध कोणते द्यायचे ते आपल्या पशुवैद्यकांनी आता दुधाचा अहवाल पाहून ठरवावे. प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याच्या नेहमीच्या माध्यमावर हा जंतू वाढतही नाही, म्हणून दूध पाठवताना मायकोप्लाझ्माचा संशय असल्याचे स्पष्ट लिहावे लागते. स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंमुळे होणाऱ्या कासदाहात तर आम्ही रक्ताची तपासणी सुचवतच नाही, तेथे दुधाचे कल्चर (दुधातील जंतू वाढवून पाहणे) हाच मार्ग आहे.

दोन्ही शेळ्यांच्या रक्ताची दुसरी तपासणी आणि जुन्या शेळीच्या दुधाची पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आम्ही विनाशुल्क करून देऊ. दूध काढण्यापूर्वी सड स्पिरिटने पुसावेत, पहिल्या काही धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात आणि नंतरचे दूध निर्जंतुक नळीत घेऊन बर्फात ठेवून त्याच दिवशी पाठवावे. तोवर या दोन्ही शेळ्या वेगळ्या बांधाव्यात, त्यांची धार सर्वांत शेवटी काढावी आणि त्यांचे दूध करडांना पाजू नये.