चिमट्यातून उडालेलं चाक

परत उडालं! चिमट्यात धरलं, जरा दाबलं, की टिक् करून गायब. कॉलेजात सुटलेला विमानांची मॉडेल्स जोडायचा नाद रिटायर झाल्यावर पुन्हा धरलाय. सध्या १९६५ च्या युद्धात पाकिस्तानची सेबर विमानं पाडणारं आपलं नॅट हे लढाऊ विमान. मुळातच जेमतेम ९ मीटरचं, १/७२ मापाच्या मॉडेलमध्ये १२ सेंटिमीटर. मग त्याचं पुढचं चाक केवढं? मुगाच्या डाळीएवढं! त्यात आमची जुनी ठिपक्याठिपक्यांची मोझॅक फरशी. दिवाणाखाली मोबाइलचा टॉर्च धरून अर्धा तास गुडघे झिजवले. मिळालं काय, तर शेंगदाण्याचं टरफल. वर हिचं, "अहो, मी मघाशीच केर काढला हं." आता सुपलीतला केर चाळतोय. काल शेपटीवरच्या तिरंगी डिकलची, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्राची, पाण्यातच गुंडाळी झाली, तो ताप वेगळाच.