खोलीआधी कान

दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला. ती सांगलीजवळच्या एका विशेष शाळेत शिकवते. शाळेला एका कुटुंबाकडून बरी देणगी मिळाली आहे आणि तिच्यावरून पालकसभेत दोन तट पडलेत. काहींना ‘सेन्सरी रूम’ हवी आहे: अंधारी खोली, रंग बदलणारे दिवे, बुडबुड्यांचे उंच खांब, मऊ गाद्या. बाकीचे म्हणतात, खेळ पुरे झाले, पोरांना चार अक्षरं शिकवा. “ताई, ती खोली तुमच्याकडचीच ना? मग तुम्हीच सांगा,” वहिनी म्हणाली.

खोली आमच्याकडचीच. मी नेदरलँड्समध्ये एडे गावाजवळ राहते. तिथल्या हार्टेनबर्ग या संस्थेत १९७०च्या दशकात यान हुल्सेखे आणि आड फेरहल या दोघांनी हा प्रकार रुजवला. ‘स्नुफेलेन’ म्हणजे हुंगणं, ‘डूझेलेन’ म्हणजे पेंगणं. दोन्ही जोडून त्याचं नाव झालं ‘स्नूझेलेन’. तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांना दिवसातला काही वेळ तरी स्वतःच्या पसंतीचा मिळावा, हा हेतू. तिथे कुणी शिकवत नाही, परीक्षा घेत नाही. दिव्याकडे बघायचं की गादीवर पडून राहायचं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मुळात ही विसाव्याची जागा. मन शांत होतं, चेहरा खुलतो, हे मी पाहिलंय. पण त्या दिव्यांमुळे मुलाचा विकास पुढे सरकतो, याला भक्कम पुरावा नाही. ‘आमच्या खोलीत मेंदू जागा होतो’ असं सांगून कुणी पैसे मागत असेल, तर पालकांनी देऊ नयेत.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे; ही जन्मजात अवस्था, तिच्यात वाढ आणि शिकणं सावकाश होतं. तो अडीच वर्षांचा असताना आम्ही सुट्टीवर भारतात होतो. हाक मारली तरी तो वळत नाही, म्हणून एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “त्याला कळतच नाही, तर वळेल कसा?” मी रडले आणि मान्य केलं. परत आल्यावर इथे कान तपासले, तर दोन्ही पडद्यांमागे पाणी साठलेलं. पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. काही आठवड्यांनी कुकरची शिट्टी झाली आणि तो दचकून माझ्याकडे धावत आला. त्या दिवशी मी पुन्हा रडले. इतके महिने माझं पोर जणू पाण्याखाली होतं आणि आम्ही त्याला मंद म्हणत होतो.

हे अपवादानं घडत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांपैकी तीन-चतुर्थांशांपर्यंत मुलांना कमी ऐकू येण्याचा त्रास असू शकतो आणि निम्म्याहून जास्त मुलांच्या डोळ्यांत काहीतरी दोष असतो. ज्याला फळा धूसर दिसतो त्याला अक्षर ‘येत नाही’, आणि त्याचं खापर बुद्धीवर फुटतं. म्हणून वहिनीला मी पहिली गोष्ट हीच सांगितली: सगळ्या मुलांचे कान आणि डोळे तपासून घ्या. त्यासाठी देणगीला हात लावायची गरज पडू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हा मुलांच्या आरोग्य तपासणीचा सरकारी कार्यक्रम २०१३ पासून आहे, तो अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि त्याखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची सोय केलेली आहे. पालकांनी तिथे जाऊन चिकाटीनं मागावं. हा उपकार नाही.

अक्षरं मागणाऱ्या पालकांवर वहिनी थोडी चिडली होती. मला त्यांचा राग येत नाही. आपल्या पश्चात याचं कसं होणार, ही भीती त्या मागणीच्या पोटात आहे, आणि ती माझ्याही पोटात आहे. पण अक्षर आणि स्पर्श यांचं वैर नाहीच. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा काढली, त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. त्या मुलांसाठी त्यांनी लाकडी अक्षरं करून घेतली आणि मुलं त्यांवरून बोट फिरवत लिहायला शिकली. आज महागड्या शाळांत दिसणारी खरखरीत अक्षरं त्याच कामातून आलीत. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला हीच दृष्टी शंख-शिंपले, बिया, खडे अशा हाताशी असलेल्या वस्तूंवर आणली. सांगलीच्या शाळेला हा वारसा एडेपेक्षा कितीतरी जवळचा आहे.

आणि घरं! माझ्या मुलाचे स्नायू सैल आहेत, त्यामुळे हात लवकर थकतात. ओलं पीठ तर त्याला सहनच होत नसे, बोटाला लागलं की किंचाळायचा. इथल्या थेरपिस्टनं सांगितलं, हात धरून पिठात घालायचा नाही. आधी कोरडे तांदूळ, मग कोरडं पीठ, मग पाण्याचा एक शिपका. काही विचारलं की मनात दहापर्यंत मोजायचं आणि मगच पुन्हा विचारायचं. तिच्याकडून मी घेतलं ते हे थांबणं. बाकी सारं आईच्या स्वयंपाकघरात होतं. ज्वारीचा गोळा मळताना खांद्यापासून बोटांपर्यंत जोर लागतो, भाकरी थापताना दोन्ही हात एका तालात चालवावे लागतात. आईनं चार महिने इथे राहून त्याच्याकडून ते करून घेतलं, एकदाही घाई न करता.

इथे सोयी आहेत. नगरपालिकेची गाडी त्याला दारातून विशेष शाळेत नेते. पण ती शाळा लांब आहे, आणि आमच्या गल्लीतल्या एकाही मुलाला त्याचं नाव माहीत नाही. सुट्टीत सांगलीला गेलो की शेजारची पोरं त्याला विटी-दांडूत घेतात, त्याच्या वाट्याचं राज्य दुसरंच कुणीतरी घेतं. तोल, वेग, धक्का, आरडाओरडा हे सगळं त्याला तिथे अंगानं मिळतं. इथे त्यासाठी वेळ ठरवून घ्यावी लागते.

वहिनीनं शेवटी विचारलं, मग पैशांचं काय? मी म्हटलं, एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचा, म्हणजे रोजच्या कामांतून मुलांचा सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञाचा, पगार जितका काळ भागेल तितका भागवा. त्या थेरपिस्टला मुलांच्या घरी पाठवा. परातीपाशी बसून आयांना सगळं दाखवू दे. उरले तर एका कोपऱ्यात पडदा लावा, गादी टाका, दमलेल्या पोराला तिथे पडू द्या.

वहिनी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “दहापर्यंत मोजायचं ना? उद्या वर्गात करून बघते.”