‘हल्लीच्या पोरांना लक्षच नाही’ हे निदान चुकीचं आहे

इंजिनिअरिंगची पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री युट्यूबवर अख्खा विषय टू एक्स, म्हणजे दुप्पट स्पीडला बघतात, वन शॉट म्हणतात त्याला, सगळी युनिटं एका बैठकीत, आणि मग आमच्या वयाची मंडळी व्हॉट्सअ‍ॅपवर हळहळतात की बघा कुठं चाललंय शिक्षण. मला त्या हळहळीचा आता कंटाळा आलाय. एक तर आपल्या वेळी काय फार वेगळं चालू होतं? पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी लागली की लोकल पब्लिकेशनचं पुस्तक आणायचं, मागच्या पाच वर्षांचे पेपर बघून इम्पॉर्टंटवर खुणा करायच्या, ड्रॉइंगच्या शीटा हॉस्टेलवर काचेखाली बल्ब लावून जीटी मारायच्या, म्हणजे दुसऱ्याच्या शीटवरून जशाच्या तशा ट्रेस करायच्या, आणि सबमिशनच्या आदल्या दिवशी एकाचं जर्नल अख्ख्या बॅचमध्ये फिरायचं. शॉर्टकट ही काही मोबाईलची देणगी नाही, ती आपल्याच पिढीची वारसाहक्काने आलेली इस्टेट आहे.

आणि टू एक्स तर वाटतं तेवढं वाईट नाहीच. अमेरिकेतल्या यूसीएलए युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे तपासून पाहिलंय. काही मुलांना लेक्चर नेहमीच्या स्पीडला दाखवलं, काहींना दीडपट, दुप्पट, अडीचपट. नंतर प्रश्न विचारले तर नेहमीच्या आणि दुप्पट स्पीडवाल्यांच्या मार्कांत फारसा फरक नाही, अडीचपटला मात्र घसरगुंडी. आता ती लेक्चर्स होती रोमन साम्राज्यावर आणि प्रॉपर्टीच्या व्हॅल्युएशनवर, लाप्लास ट्रान्सफॉर्मसारख्या किचकट गणितावर नाही, त्यामुळे लगेच नाचायला नको. पण ‘स्पीड वाढवला म्हणजे डोक्यात काही जात नाही’ हे सरसकट विधान बाद झालं एवढं नक्की.

मग बिघडतंय कुठं? माझं मत सांगतो, पटलं तर बघा. मी गेली बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात ऑटोमेशनचं काम करतोय, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), पॅनल, सेन्सर वगैरे, आणि दरवर्षी नवीन ट्रेनी माझ्याकडे येतात. लक्ष नसणं हा त्यांचा प्रॉब्लेम नाही. तीन तासांचा व्हिडिओ जागचे न हलता बघू शकतात ही पोरं, मला जमणार नाही. त्यांना अडकून बसायची सवय नाही. एखाद्या ठिकाणी गाडं रुतलं, पुढं काय करायचं ते कळत नाहीये, आणि अशा अवस्थेत अर्धा तास तिथंच राहायचं, हे त्यांनी कधी केलेलंच नसतं. कारण व्हिडिओत कुणी अडकतच नाही ना. शिकवणारा आधीच रिहर्सल करून आलेला असतो, त्याचा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालतो, आणि चुकून एरर आलीच तर ती एडिटिंगमध्ये कापली जाते. म्हणजे इंजिनिअरिंगचा जो मुख्य भाग, तोच कापून बाकीचा एचडी क्वालिटीत आपल्याला दाखवतात.

एक उदाहरण सांगतो. मागच्या वर्षीचा एक ट्रेनी, हुशार पोरगा, बोलायला चांगला, पीएलसीची ऑनलाइन सर्टिफिकेटं फाईलभर. त्याला एका मशीनवर नवीन प्रॉक्सी लावायला दिला, मेटल समोर आलं की सिग्नल देणारा साधा सेन्सर. त्याने व्यवस्थित लावला, ब्राऊन चोवीस व्होल्टला, ब्लू झिरोला, ब्लॅक पीएलसीच्या इनपुटला. मेटल समोर धरलं की सेन्सरचा स्वतःचा लाल लाईट लागतोय पण पीएलसीवर इनपुट काही येत नाहीये. पाच मिनिटांत माझ्याकडे आला, “सर, इनपुट कार्ड उडालंय.” म्हणजे पीएलसीचा सिग्नल घेणारा भाग. म्हटलं कशावरून? “सेन्सर तर ओके आहे ना सर, लाईट लागतोय.” म्हटलं मल्टीमीटर लावून व्होल्टेज बघितलंस का? नव्हता लावला. मोबाईलवर मात्र तीन व्हिडिओ उघडे होते, तिन्ही दुसऱ्याच कंपनीच्या पीएलसीचे.

शेजारी आमचे वायरमन काका चहा पीत उभे होते, आयटीआय झालेले, ते कप न ठेवता एवढंच म्हणाले, “कॉमनला काय दिलंय बघ की आधी.”

आता जाणकारांना कळलंच असेल. स्टोअरमधून आलेला सेन्सर एनपीएन होता आणि कार्डाच्या कॉमनला, म्हणजे सगळ्या इनपुटांच्या सामाईक टोकाला, झिरो दिलेला होता, म्हणजे पीएनपी या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरच्या हिशोबाने वायरिंग. एनपीएन सेन्सर ऑन झाला की सिग्नलची वायर झिरोकडे ओढतो, पीएनपी चोवीसकडे. कॉमनही झिरोच, मग करंट वाहणार कुठून? त्याला म्हटलं मीटरची एक पिन प्लस चोवीसवर ठेव, दुसरी ब्लॅक वायरवर, आणि मेटल समोर आण. चोवीस व्होल्ट आले. मग एक पिन झिरोवर ठेवून तेच कर. काहीच नाही. त्या दोन रीडिंगांकडे तो बराच वेळ बघत बसला आणि मग स्वतःच म्हणाला, “म्हणजे हा उलटा आहे.” बरोबर. आणि गंमत म्हणजे एनपीएन-पीएनपीचा फरक त्याला तोंडपाठ होता, व्हिडिओतली आकृती त्याने मला तिथंच मशीनच्या कव्हरवर बोटाने काढून दाखवली! माहिती सगळी होती हो डोक्यात. पण समोरचा न लागणारा लाईट आणि डोक्यातली ती आकृती यांची गाठच कधी पडली नव्हती.

शिकागो युनिव्हर्सिटीच्या दोन संशोधकांचा २०१८ चा एक अभ्यास मला या बाबतीत फार आवडतो. लोकांना डार्ट मारण्याचा छोटासा व्हिडिओ दाखवला, काहींना एकदा, काहींना २० वेळा. २० वेळा बघणाऱ्यांना छातीठोक वाटलं की आपला नेम चांगला लागणार. प्रत्यक्षात नेम होता तेवढाच, एकदा बघणाऱ्यांइतकाच. असंच जगलिंगचं, आणि तिथं अजून एक बारीक गोष्ट दिसली, की ज्या पिना उडवायच्या त्या जरा हातात धरायला दिल्या, उडवायच्याही नाहीत, नुसत्या धरायच्या, तरी लोकांचा फुगलेला कॉन्फिडन्स खाली आला. माझ्या मते सगळं यात आलं. व्हिडिओ ज्ञान कमी देतो असं नाही, तो खात्री जास्त देतो. आणि खात्री असलेला माणूस मीटर लावत नाही, डायरेक्ट कार्ड बदलायला निघतो.

याची दुसरी बाजू पण आहे. हार्वर्डमध्ये २०१९ साली फिजिक्सच्या मुलांवर प्रयोग झाला. एका गटाला सफाईदार लेक्चर, दुसऱ्याला तोच भाग गटात बसून स्वतः सोडवायला लावला. सोडवणाऱ्यांना टेस्टमध्ये जास्त मार्क मिळाले, पण ‘तुम्ही किती शिकलात’ असं विचारलं तर त्यांना वाटत होतं आपण कमीच शिकलो. डोकं दुखतं ना, म्हणून. गुळगुळीत ऐकलेलं शिकल्यासारखं वाटतं आणि खडबडीत शिकलेलं वाया गेल्यासारखं. आता पोरगं रात्री अकरा वाजता एकटं खोलीत मोबाईल घेऊन बसलंय, ते यातलं काय निवडणार?

याचा अर्थ ऑनलाइन बंद करा असा कुणी काढू नका प्लीज. मी स्वतः एनपीटेलचा भक्त आहे. आयआयटी आणि आयआयएससीने मिळून २००३ मध्ये हे चालू केलं, आज जालन्याचा किंवा अहेरीचा मुलगा मद्रास नाहीतर खरगपूरच्या प्रोफेसरचं कंट्रोल सिस्टिमचं अख्खं लेक्चर फुकट बघू शकतो. माझ्या वेळी आमच्या कॉलेजात त्या विषयाला मास्तरच नव्हते, अर्धं सेमिस्टर लायब्ररीत गेलं. शिवाय एनपीटेलची सर्टिफिकेटवाली सिस्टिम मला शहाणपणाची वाटते, असाइनमेंटला २५ टक्के आणि शेवटच्या परीक्षेला ७५ टक्के, आणि ती परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची. आता त्या २५ टक्क्यांचं आपल्या लोकांनी काय केलंय ते टेलिग्रामवर जाऊन बघा. ‘वीक थ्री असाइनमेंट आन्सर्स’ म्हणून डेडलाईनच्या आधी उत्तरं तयार, ए बी सी डी. दर आठवड्याला थोडं थोडं अडकावं म्हणूनच ज्या असाइनमेंट ठेवल्या, त्यांच्यातलं अडकणंच काढून टाकलं. त्यात कॉलेजं क्रेडिटसाठी कोर्स कंपल्सरी करतात, मग पोरं तरी काय करणार म्हणा.

कोविडबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलंय. ऑक्टोबर २०२० मध्ये फायनल इयरच्या परीक्षा ऑनलाइन एमसीक्यूवर उरकल्या, प्रॅक्टिकलच्या जागी सिम्युलेशन आलं. केंद्र सरकारचा व्हर्च्युअल लॅब्स हा प्रोजेक्ट त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, वाईट अजिबात नाही, प्रयोगाला जाण्याआधी करून बघायला तर उत्तमच. फक्त त्यात एक उणीव आहे. सिम्युलेशनमध्ये वायर कधी लूज नसते, ब्रेडबोर्डचं भोक कधी खराब नसतं, मल्टीमीटरची बॅटरी कधी उतरलेली नसते. आणि आमच्याकडे ब्रेकडाऊन येतात ते बहुतेक याच असल्या फालतू कारणांनी.

ऑनलाइन शिक्षण चांगलं करता येतं याचा पुरावा आपल्या पवईतच आहे. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रोजेक्ट किती जणांना माहितीये कोण जाणे. दहाएक मिनिटांचे छोटे व्हिडिओ, पायथन, लॅटेक, सायलॅब वगैरे शिकवणारे, मराठीतसुद्धा डब केलेले. स्क्रीनवर एका बाजूला व्हिडिओ आणि दुसऱ्या बाजूला ते सॉफ्टवेअर, दोन्ही उघडं ठेवायचं, थोडं बघायचं, थांबवायचं, स्वतः करायचं, नाही जमलं तर मागे जाऊन परत बघायचं. म्हणजे व्हिडिओच असा बनवलाय की हात चालवल्याशिवाय पुढं जाण्यात मजा नाही. दिसायला साधं, कुणी ओरडत नाही, थंबनेलवर आ वासलेलं तोंड नाही, त्यामुळे व्हायरल व्हायची शक्यता शून्य.

आता यात एआय आलंय. आधी अडकल्यावर निदान व्हिडिओ शोधायला तरी दहा मिनिटं जायची, आता फोटो काढून टाकला की सेकंदात उत्तर. तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास १००० मुलांवर याचा नीट प्रयोग झालाय, गणिताच्या सरावाला काहींना साधा चॅटबॉट दिला. सराव करताना त्यांची गणितं ४८ टक्के जास्त बरोबर आली, आणि बॉट काढून घेऊन परीक्षा घेतली तर ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी मार्क! पण तिसरा एक गट होता, त्यांचा बॉट थेट उत्तर न देता फक्त हिंट द्यायचा, त्यांचं परीक्षेत नुकसान झालं नाही. म्हणजे मशीन तेच, फक्त त्याने तुम्हाला थोडं अडकू दिलं की नाही एवढाच फरक.

आणि ही सवय अभ्यासापुरती राहत नाही, हे मला जास्त खटकतं. आमच्याकडे मशीन बंद पडलं की नवीन पोरांच्या चेहऱ्यावर पहिल्या दोन मिनिटांतच एक अस्वस्थपणा येतो, हात खिशाकडे जातो. घरीही तेच बघतो, भाचीला गणित आलं नाही की पेन्सिल टेकवायच्या आधी टॅब. मिक्सर बंद पडला, व्हिडिओ. रस्ता चुकला तर इकडं तिकडं बघायचं सोडून आधी फोन फिरवून निळा ठिपका कुठं वळतोय ते बघणार. माझ्या वयाच्या लोकांचंही हेच झालंय, उगाच पोरांच्या नावाने शंख कशाला. न कळण्याची जी एक कळ असते ना, ती सहन करायची ताकद वापरली नाही की जाते, एवढंच माझं निरीक्षण. डॉक्टर नाही मी, मेंदूत नेमकं काय होतं ते मला विचारू नका.

तर आम्ही आमच्यापुरता एक उद्योग केलाय. ट्रेनीच्या इंटरव्ह्यूला टेबलावर एक प्रॉक्सी, एक पॉवर सप्लाय, एक रिले (सिग्नल मिळाला की चालू होणारा स्विच), स्क्रू ड्रायव्हर आणि मल्टीमीटर ठेवतो. त्यातली एक वायर मुद्दाम आतून तुटलेली, वरून धडधाकट दिसणारी. अर्धा तास वेळ, फोन वापरायला पूर्ण परवानगी, एआयला पण विचारा. रिले चालू झालाच पाहिजे असं नाही, तू काय काय तपासलंस ते कागदावर लिही फक्त. मागच्या खेपेला चांगल्या कॉलेजची दोन पोरं वीस मिनिटं फोनमध्येच होती, आणि लातूरकडची एक डिप्लोमावाली मुलगी, जिचा रिले शेवटपर्यंत लागला नाही, तिने कागदावर सहा रीडिंग लिहिली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘ब्लू वायरवर शंका आहे, बदलून बघायला दुसरी वायर मिळेल का?’

तिला घ्या म्हणून मी अडून बसलोय. एचआर म्हणतंय, टास्क तर पूर्ण झाला नाही, मग मार्क कशाचे द्यायचे, आमच्या एक्सेलमध्ये असा कॉलमच नाही. सोमवारी परत मीटिंग आहे.