सर्जनचं पूर्ण नाव विचारायला कसली लाज?

आज नागपुरात आमच्या लक्ष्मीनगरच्या भिशीत माझ्या एका मैत्रिणीचा विषय निघाला. ती तिथे नव्हती. "दोन लेकरांची माय, कशाले पायजे होती ही थेरं? गेली बँकॉकला छाती करून घ्यायले अन् आली रडत," असं एक ताई म्हणाल्या आणि बाकीच्या हसल्या. मी उठून आले. अजून डोकं तापलेलं आहे, म्हणून आता लिहिते आहे.

तिला ते स्तनांचं ऑपरेशन हवं होतं, आत इम्प्लांट म्हणजे कृत्रिम पिशवी बसवतात ते. मुलांना पाजून झाल्यावर स्वतःचंच शरीर परकं वाटतं, हे तुम्हा कितीतरी जणींना माहीत आहे. नवरे डोक्यावर केस लावून घेतात, त्यांना कोणी हसत नाही. तिने कमावलेल्या पैशांतून स्वतःसाठी एक गोष्ट करायची ठरवली, यात हसण्यासारखं काय आहे?

ती फसली, कारण तिला कोणालाच विचारता आलं नाही. घरी सांगितलं, ऑफिसचं ट्रेनिंग आहे. बहिणीला नाही, मला नाही, फॅमिली डॉक्टरला तर नाहीच. उरला कोण? इन्स्टाग्रामवरचा एजंट. तिकीट, हॉटेल, ऑपरेशन, विमानतळावर गाडी, सगळं एकाच पॅकेजमध्ये. बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. "डोन्ट वरी दीदी."

परत आल्यावर काही आठवड्यांत एका बाजूला लाली आली, मग ताप, मग पू. ओढणीखाली किती दिवस लपवणार? शेवटी मला फोन केला. रामदासपेठेतल्या एका प्लास्टिक सर्जनकडे मी तिच्याबरोबर गेले. त्यांनी तिला एक शब्दही लागेल असा विचारला नाही. फक्त विचारलं, ऑपरेशन कोणी केलं? इम्प्लांट कोणत्या कंपनीचं? ऑपरेशनचे कागद आहेत का? आणि ही बिचारी मोबाईल वरखाली करत बसली. त्यात हॉटेलचं बुकिंग होतं, एजंटने पाठवलेले बदामाचे इमोजी होते आणि डॉक्टरचं एक टोपणनाव होतं. थायलंडमध्ये टोपणनावाने हाक मारायची पद्धत आहे, त्यात वावगं काही नाही. पण टोपणनावाने डॉक्टरांच्या नोंदणीच्या रजिस्टरमध्ये काय शोधणार? तिकडच्या मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर डॉक्टरचं नाव इंग्रजीत तपासता येतं. पूर्ण नाव असेल तर काही मिनिटांचं काम. ते पूर्ण नाव तिला कोणी दिलंच नव्हतं. भूल देण्याआधी जो भेटला तोच जाहिरातीतला माणूस होता का, हेही तिला आज सांगता येत नाही. इम्प्लांट काढावं लागलं.

आपण इतवारीत सराफ्याकडे एक अंगठी घेतली तरी भिंग मागून हॉलमार्कचा सहा आकडी-अक्षरी नंबर बघतो. अंगावर सुरी चालवणाऱ्याचा नंबर का बघत नाही?

"हॉस्पिटलला जेसीआयचं सोनेरी सील आहे," असं एजंट सांगतो. असेल. जेसीआय ही हॉस्पिटलं तपासून मान्यता देणारी संस्था; ते सील हॉस्पिटलच्या व्यवस्थेचं असतं, तुमच्यावर ऑपरेशन करणाऱ्या माणसाच्या शिक्षणाचं नाही. आणि "कॉस्मेटिक सर्जन" या पाटीवर तर मुळीच जाऊ नका. इंग्लंडमध्ये आजही कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर स्वतःला तसं म्हणवून घेऊ शकतो. ऑस्ट्रेलियाला 2023 मध्ये कायदा बदलावा लागला, तेव्हा कुठे नावापुढे सर्जन लावण्यावर बंधन आलं. आपल्याकडे बघायची ती एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी, तीही प्लास्टिक सर्जरीतली. एमबीबीएसनंतर जनरल सर्जरीची तीन वर्षं आणि त्यावर साधारण आणखी तीन. तिकडच्या डॉक्टरचंही तेच विचारायचं: प्लास्टिक सर्जरीचं स्पेशालिस्ट म्हणून त्या देशाच्या कौन्सिलकडे नाव आहे का?

हो, बँकॉकला उत्तम सर्जन आहेत, मान्य. नागपुरातही भोंदू आहेत, तेही मान्य. आणि चांगल्यातल्या चांगल्या हातूनही कधी इन्फेक्शन होतं. पण चांगला सर्जन फोन उचलतो. तिच्या एजंटने थर्मामीटरचा फोटो बघून नंबर ब्लॉक केला.

इम्प्लांटच्या कार्डाबद्दल तर मला ओरडून सांगावंसं वाटतं. प्रत्येक इम्प्लांटवर सिरीयल नंबर असतो, त्याचं स्टिकर फाईलला लागतं आणि तुम्हाला कार्ड मिळायला हवं. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने इम्प्लांटमध्ये औद्योगिक सिलिकॉन भरलं होतं, ते 2010 मध्ये उघडकीला आलं. 2019 मध्ये ॲलर्गनने आपले खरबरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवले, कारण त्यांचा लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मिळ प्रकाराशी संबंध दिसला होता. तेव्हा आपल्या अंगात नेमकं काय आहे, हे कार्डवाल्या बायकांना लगेच कळलं. माझ्या मैत्रिणीला कसं कळलं असतं? वर ही वस्तू जन्मभराची नसते. सिलिकॉन असेल तर पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असं अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, सांगतं. त्या तपासण्या काय बँकॉकला जाऊन करणार? त्या नागपुरातच होणार. म्हणून जायच्या आधी इथला एक सर्जन गाठून ठेवा, त्याला सगळं खरं सांगा.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या दिवशी रिक्षात ती मला म्हणाली होती, "तुला आधी सांगितलं असतं तर तू हसली असतीस का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं आहे. पण तिला तसं का वाटलं, ते आज भिशीत दिसलं. अशा हसण्याच्या भीतीने बायका गुपचूप जातात, आणि गुपचूप जाणारी बाई एजंटला फार सोयीची असते. ती नाव विचारत नाही, पावती मागत नाही, तक्रार करत नाही.

काल भाचीने मला असंच एक कोटेशन पाठवलं. इस्तंबूलचं. मी तिला जाऊ नकोस म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, सर्जनचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर माग, पैसे त्यानंतर. एजंटचं उत्तर आलं, "आमची एक्सपर्ट टीम आहे." तिने पुन्हा विचारलंय. नाव येईपर्यंत ॲडव्हान्स द्यायचा नाही, असं आमचं ठरलंय.

कोणाच्या मनात असं काही असेल तर मला मेसेज करा. नाव कसं तपासायचं ते बरोबर बसून दाखवते. तुमच्या घरी कळणार नाही.