‘दुखणं सोसा, गोळ्या टाळा’: खुब्याच्या ऑपरेशननंतर येणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

खुब्याचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की भेटायला येणाऱ्यांच्या आधी व्हॉट्सॲपवरचे सल्ले पोचतात. त्यातला एक निरोप फारच फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दुखणं ही हाड जुळत असल्याची खूण आहे, ते सोसावं. वेदनाशामक गोळ्यांनी किडनी जाते. ‘अफूच्या’ गोळ्यांची सवय लागते. सहा आठवडे पाय हलवू नये. आणि रोज गरम तेलाने मालिश करावी. घरोघरी जाऊन अशा रुग्णांना चालवणं हेच माझं काम, त्यामुळे ‘मॅडम, हे खरं का?’ म्हणत मोबाइल माझ्यासमोर धरला जातो. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी ‘हाड जुळतंय म्हणून दुखतंय’ याबद्दल. सांधा बदलला असेल तर डॉक्टरांनी खराब झालेला गोळा काढून तिथे कृत्रिम गोळा बसवलेला असतो. जुळायला तिथे मोडलेलं हाड उरलेलंच नसतं. रॉड किंवा प्लेट घातली असेल तर हाड जुळायचं असतं खरं, पण पहिल्या दिवसांतली कळ मुख्यतः कापलेल्या कातडीची, ताणलेल्या स्नायूंची आणि सुजेची असते. ती सोसल्याने हाड लवकर जुळत नाही. उलट दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कूस बदलत नाही, जेवत नाही. न्यूमोनिया, पाठीला जखमा, पायात रक्ताची गुठळी हे सगळं या पडून राहण्यातून येतं.

आणि भ्रम. म्हातारं माणूस ऑपरेशननंतर रात्री बरळायला लागलं, सुया-नळ्या ओढायला लागलं की घरचे लगेच ठरवतात, ‘गोळ्यांची नशा चढली, बंद करा.’ न्यूयॉर्कमधल्या चार रुग्णालयांत खुबा मोडलेल्या ५४१ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. आधी डोकं शाबूत असलेल्या ज्या रुग्णांचं दुखणं नीट आटोक्यात आणलं नव्हतं, त्यांच्यात भ्रमाचा धोका इतरांच्या नऊपट आढळला. मॉर्फिन (अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक) अगदी कमी मिळालेल्यांतही तो जास्तच होता. औषधाने भ्रम होतच नाही असं नव्हे. पेथिडिन या मॉर्फिनच्याच गटातल्या औषधाने तो वाढल्याचं त्याच अभ्यासात दिसलं. लघवी तुंबणं, सोडियम उतरणं, जंतुसंसर्ग हीही कारणं असतात. म्हणून बरळणं सुरू झालं की डॉक्टरांना कळवायचं. आपल्या मनाने गोळी तोडायची नाही.

इथे आपल्या घरांतली एक अडचण सांगायलाच हवी. ‘दुखतंय का?’ असं विचारलं की आजी म्हणते, ‘नाही गं, ठीक आहे.’ सुनेला त्रास नको, मुलाचा खर्च नको. म्हणून मी तसं विचारतच नाही. ‘कुशीवर वळताना किती दुखतं? खोकताना? उभं राहताना? शून्य ते दहात सांगा.’ पडून दोन आणि उभं राहताना आठ असेल, तर ते दुखणं आठच धरायचं. ज्यांना स्मृतिभ्रंश आहे त्यांचा चेहरा बघायचा, पलंगाचा कठडा घट्ट धरतात का ते बघायचं.

किडनीच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त घातक ठरतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या किडनीला, पोटाला आणि हृदयालाही त्रास देऊ शकतात. वय जास्त, बीपीच्या गोळ्या चालू, पाणी कमी प्यायलेलं, जोडीला रक्त पातळ करणारं औषध, अशा रुग्णात तर फारच जपून. पण पॅरासिटामॉल या गटातली नाही. खुब्याच्या दुखण्यावर पहिलं औषध तीच, आणि ती ‘अगदीच असह्य झालं तर’ घ्यायची नसून डॉक्टरांनी दिलेल्या वेळांना घड्याळ लावून घ्यायची असते. दिवसाला ४ ग्रॅम ही धडधाकट माणसाची कमाल मर्यादा. वजन कमी किंवा यकृत कमजोर असेल तर त्याहून कमी. खरी गफलत होते ती जोडगोळ्यांत. एका पाकिटात ॲसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल, दुसऱ्यात ट्रामाडॉलबरोबर पॅरासिटामॉल, वर ‘ताप आला’ म्हणून पॅरासिटामॉलचीच ६५०ची गोळी. नावं तीन, आत औषध एकच. पाकिटांवरची बारीक अक्षरं एकदा नातवाकडून वाचून घ्या. (‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांवर तर वाचायलाही काही नसतं. अशा पुड्यांत स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत.)

आता अफू. ट्रामाडॉल हे ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या गटासारखं काम करणारं औषध आहे आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. केमिस्ट चिठ्ठी मागतो तो त्यामुळे, आणि घाबरगुंडी उडते तीही त्यामुळेच. सवय लागू शकते, हे खोटं नाही. पण ऑपरेशननंतरचे थोडे दिवस, ठरलेल्या मात्रेत, दुखणं उतरेल तसं कमी करत घेणं वेगळं. महिनोन् महिने झोपेसाठी तीच गोळी मागत राहणं वेगळं. या गोळ्यांचे रोजचे खरे त्रास म्हणजे मळमळ, चक्कर, गुंगी आणि बद्धकोष्ठ. चक्कर येत असताना एकट्याने बाथरूमला उठलं तर दुसरा खुबा जायचा. बद्धकोष्ठाला लोक इसबगोल देतात. या गोळ्यांबरोबर, त्यातून पाणी कमी पीत असतील, तर त्याने पोट आणखी गच्च होऊ शकतं. पहिल्या दिवसापासूनच रेचक लिहून मागा. फिट येण्याचा इतिहास असेल किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर ट्रामाडॉल लिहिण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

‘सहा आठवडे पाय हलवू नका’ हे जुन्या काळातून आलंय. ऑपरेशन शक्य नव्हतं तेव्हा पायाला वजन बांधून आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत. ऑपरेशन करायचं ते माणसाला लवकर उभं करता यावं म्हणून. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी रुग्णाला हालचाल सुरू करायला सांगतात, आणि आपल्याकडेही बहुतेक सर्जन वॉकर देऊन तेच करतात. काही फ्रॅक्चरमध्ये पायावर भार द्यायला मनाई असते. ती सर्जनने सांगितलेली असेल तर पाळायची, फॉरवर्डमधली नाही. गोळी व्यायामाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी घेतली की चालणं जमतं. व्यायाम झाल्यावर कळवळून घेतली की पुढचा व्यायाम बुडतो. थोडं दुखणारच. पण व्यायामाने वाढलेली कळ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरली नाही, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून फेऱ्या कमी करायच्या, बंद नाही. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. सांधा बदलला असेल तर पाटावर बसणं, मांडी घालणं, भारतीय संडास, पायावर पाय टाकणं हे सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. कमोडची खुर्ची भाड्याने मिळते.

मालिशीवर फार लिहायची गरज नाही. पोटरीत गुठळी असेल आणि ती चोळली, तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताज्या जखमेजवळ तेल तर नकोच. सुजेवर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरा, कुशीवर झोपताना दोन पायांमध्ये जाड उशी ठेवा, मग रात्र बरी जाते.

काही दुखणी मात्र गोळी घेऊनही घरी बसून बघायची नसतात. उठताना एकदम कळ आली, पाय आखूड दिसतोय, आत किंवा बाहेर वळलाय, भार देता येत नाही: सांधा निखळला असू शकतो. कमी होत आलेलं दुखणं परत वाढलं, ताप आहे, जखमेतून पाणी येतंय: जंतुसंसर्ग. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखते: गुठळी. त्यातच दम लागला किंवा छातीत दुखलं तर फोनवर विचारत बसू नका, १०८ लावा.