‘घरबसल्या’ या शब्दाविषयी

हृदयाच्या धमनीच्या भिंतीत साठलेल्या चरबीच्या थरावरचे, म्हणजे प्लाकवरचे, आवरण फाटून हृदयविकाराचा झटका कसा येतो, यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची आपली प्रतिक्रिया तीन वाक्यांची होती: “नळी ९० टक्के चोंदल्याशिवाय झटका येत नाही, तेव्हा घरबसल्या वाचून लोकांना घाबरवू नका. आवरण न फाटताही गुठळी होते, त्याचा उल्लेखच नाही. आणि ६५ मिलिमीटर जाडीचे आवरण कुठल्या माणसात असते?”

शेवटचे आधी. तेथे ६५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) हवे होते. दुरुस्ती केली आहे, आभारी आहे. कुठल्या माणसात, हे विचारले नसतेत तरी चूक कळली असती. तसे आवरण हत्तीतही नसते.

आता ‘घरबसल्या’. मी ३१ वर्षे विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो आणि शवविच्छेदनातून आलेल्या हृदयांच्या धमन्या दर ३ मिलिमीटरवर आडव्या कापणे हे माझे काम होते. एका चकतीत पोकळी चांगली मोकळी दिसे, आणि पुढच्याच चकतीत ती काळपट तांबड्या गुठळीने बुजलेली असे, शेजारच्या भिंतीतून पिठल्यासारखा पिवळा लगदा आत डोकावत असे. (अशा साठ्याला अथेरोमा म्हणतात, आणि त्या शब्दाच्या मुळाशी लापशी हाच अर्थ आहे.) हे वाचून कळलेले नाही, महाशय.

चालताना छातीत भरून येणे हे बहुधा अरुंद झालेल्या नळीचे दुखणे असते, ही गोष्ट वेगळी. झटक्यात बहुतेक वेळा प्लाकवरचे आवरण, जे भक्षक पेशींच्या विकरांनी कोलॅजन कुरतडल्यामुळे पातळ झालेले असते, ते फाटते. मग आतले कोलॅजन आणि टिश्यू फॅक्टर (रक्त गोठण्याची सुरुवात करून देणारे प्रथिन) वाहत्या रक्तासमोर उघडे पडतात. प्लेटलेट्स तेथे चिकटतात, थ्रॉम्बॉक्सेन सोडून आणखी प्लेटलेट्सना बोलावतात, तर दुसरीकडे तयार झालेले थ्रॉम्बिन फायब्रिनचे जाळे विणते. काल निम्मी मोकळी असलेली नळी अशी काही मिनिटांत बंद पडू शकते. १९८० साली अमेरिकेत डीवुड आणि सहकाऱ्यांनी झटक्यानंतर चार तासांच्या आत अँजिओग्राफी केलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद आढळली. १९८८च्या आयसिस-२ या झटका आलेल्या रुग्णांवरील औषध-चाचणीत ॲस्पिरिनने मृत्यू घटले. ॲस्पिरिन अरुंद नळी रुंद करीत नाही, ते प्लेटलेट्सचे थ्रॉम्बॉक्सेन बंद करते.

माझ्या वडिलांची ट्रेडमिल चाचणी व्यवस्थित आली होती आणि नऊ दिवसांनी ते अंगणात कोसळले. आपले ९० टक्के मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगितले असते?

राहिले मधले वाक्य. आवरण शाबूत असताना वरचा अंतःस्तर झिजूनही गुठळी होते, हे खरे आहे, पण माझा लेख फाटण्याविषयी होता. झिजण्यावर आपण लिहावे. मी अवश्य वाचीन, घरबसल्याच.